बंदीचं पत्र आणि पर्वरीची पायरी

म्हापशेकर
आमच्या वाड्यावरच्या एका पोराला फुटबॉल खेळायला दोन वर्षांची बंदी आली. लेफ्ट बॅक, वय बावीस. रेफ्रीला ढकलल्याचा आरोप. पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तेही क्लबच्या सेक्रेटरीला: अडीच ओळी, शिक्का, कोंबडीच्या पायासारखी सही आणि पोराचं आडनावच चुकलेलं. समितीने त्याला बोलावलं नाही, रेफ्रीचा रिपोर्ट दाखवला नाही. ढकललं असेलही. व्हिडिओत नुसती झोंबाझोंबी दिसते, कुणाचा हात कुणाला लागला कळत नाही. पण न विचारता दोन वर्षं? संघटना म्हणते, हा आमचा घरचा मामला. माझं मत, अशा घरात कोर्टाने डोकावलंच पाहिजे.

गोलकीपर_१
नको रे बाबा! उद्या प्रत्येक लाल कार्डाला स्टे आणतील. २०२२ विसरलास? भारतीय फुटबॉल फेडरेशनचा कारभार सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीकडे गेला आणि ऑगस्टमध्ये फिफाने भारताला निलंबित केलं. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपचे सामने इथे गोव्यात फातोर्ड्याला होते. निलंबन उठेपर्यंत आमच्या पोटात गोळा. आणि क्रिकेटवाला अझरुद्दीन? मॅच फिक्सिंगवरून त्याच्यावरची २००० सालची बंदी आंध्र हायकोर्टाने २०१२ मध्ये बेकायदा ठरवली. तोवर तो खासदार झाला होता. निकालाचा कागद घेऊन बॅटिंगला जायचं का त्याने?

म्हापशेकर
२०२२ चं भांडण मुदत संपूनही खुर्ची न सोडणाऱ्यांचं होतं, कुणाच्या बंदीचं नव्हे. उगाच खिचडी करू नकोस.

वकीलकाका
दोघेही अर्धंच सांगताय. झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात २००५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की बीसीसीआय हे राज्यघटनेच्या कलम १२ मधलं 'राज्य' नाही, पण कलम २२६ खाली हायकोर्टात दाद मागता येते. बीसीसीआय सार्वजनिक स्वरूपाचं काम करते, हे २०१५ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. म्हणून कोर्ट काही अपिलात बसून ऑफसाइड तपासत नाही. नोटीस दिली का, ऐकून घेतलं का, फिर्यादीच न्यायाधीश झाला नाही ना, शिक्षा भलतीच जड नाही ना, एवढं बघतं. क्रिकेटपटू श्रीशांत घ्या. २०१९ मध्ये स्पॉट फिक्सिंगचा दोष कायम राहिला, फक्त आजन्म बंदीचा फेरविचार करा असं कोर्टाने सांगितलं, आणि ती सात वर्षांवर आली.

गोलकीपर_१
खेळाचा तंटा खेळाच्या लवादाकडेच जावा, एवढंच म्हणतोय.

फातोर्डा_पूर्व_स्टँड
लवाद? आमच्या चर्चिल ब्रदर्स क्लबवाल्यांना विचार! एप्रिल २०२५ मध्ये आय-लीग या फुटबॉल स्पर्धेची ट्रॉफी इथे गोव्यात त्यांच्या हातात दिली. १८ जुलैला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशी या क्लबला दिलं. नामधारी क्लबविरुद्धच्या सामन्याचे तीन गुण शिस्तपालन समितीने काशीला दिले, अपील समितीने काढले, लोझानने परत दिले. (आमच्याकडे त्या आनंदात वाजवलेले फटाके कुणी परत दिले नाहीत.)

गोलकीपर_१
तुला झोंबलं ते कळतं. पण तीन महिन्यांत निकाल लागला ना? बारा वर्षं नाही लागली.

फातोर्डा_पूर्व_स्टँड
हो, क्लबच्या खिशात पैसा होता म्हणून. वाड्यावरचा लेफ्ट बॅक लोझानला कशाने जाणार, कदंबाच्या एसटीने?

म्हापशेकर
तेच तर! त्याला पर्वरीचं हायकोर्टच जवळ. बसने अर्धा तास.

वकीलकाका
बसने अर्धा तास, वकिलाच्या फीने बराच लांब. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात वेगळं न्यायाधिकरण आहे. त्याच्या कक्षेतले तंटे दिवाणी कोर्टात जाणार नाहीत, अपील थेट सुप्रीम कोर्टात. तरी हायकोर्टाचा २२६ चा अधिकार साध्या कायद्याने काढता येत नाही, हे एल. चंद्रकुमारच्या निकालात १९९७ मध्येच ठरलंय. मात्र गावातल्या स्पर्धेचे आयोजक एवढ्यासाठी रिटच्या, म्हणजे २२६ खालच्या हायकोर्टाच्या आदेशाच्या, कचाट्यात येतीलच असं समजू नका. ते काय काम करतात, कुणाशी संलग्न आहेत, यावर ठरेल. शिवाय न्यायमूर्ती पहिला प्रश्न विचारतील, आतलं दार, म्हणजे संघटनेतलं अपील, ठोठावलं का? म्हापशेकर, नियमावली काढा. अपिलाची मुदत बहुतेक थोड्याच दिवसांची असते. पत्रावर तारीख काय आहे?

म्हापशेकर
आत्ता परत उघडून पाहिलं. तारीखच घातलेली नाही.

गोलकीपर_१
हे मात्र अतीच झालं. काका, अपिलाचा मसुदा तुम्ही सांगा, टाइप मी करून देतो.