मदत हवी: पाण्याचा ताळेबंद तयार आहे, रब्बीची पिकं गावानं मिळून कशी ठरवावीत?

शिवारफेरी
नमस्कार मंडळी. साधारण ८०० वस्तीचं गाव, साठेक विहिरी, थोड्या बोअर. ताळेबंदात, म्हणजे पाणी किती आहे आणि किती लागेल या हिशेबात, तूट दिसते आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीन तासांची बैठक घ्यायची आहे. एरवी दोन-चार बागायतदार बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि पेरणी ज्याच्या त्याच्या मनानं होते. आखणी कशी करावी? उभ्या उसाचं काय करायचं?

पाणीमोज्या
आधी प्रश्न नेमका करा. ‘पाणी कसं वाचवायचं’ यावर भाषणं होतात. ‘यंदा गहू किती एकर, हरभरा किती एकर’ हे ठरवता येतं.

लिटरचे आकडे फळ्यावर लिहून कुणाच्या डोक्यात बसत नाहीत, म्हणून मक्याचे दाणे वापरा. एक दाणा म्हणजे ५ लाख लिटर. ताळेबंदातलं उपलब्ध पाणी तेवढ्या दाण्यांचा ढीग करून मांडा. एकरावर १ मिमी पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर; एका पाळीला, म्हणजे एकदा पाणी द्यायला, ६० मिमी धरलं तर २ लाख ४० हजार. गव्हाला सहा पाळ्या, म्हणजे एकरी तीन दाणे. हरभऱ्याला दोन पाळ्या, एकच दाणा. पाळीची खोली तुमच्या जमिनीप्रमाणे बदलून घ्या.

पिण्याचं पाणी सगळ्यांसमोर आधी बाजूला काढा. माणशी रोज ५५ लिटरनं ८०० जणांना नोव्हेंबर ते जून एक कोटी सहा लाख लिटर लागतात, म्हणजे एकवीस दाणे. अख्ख्या गावाचं आठ महिन्यांचं पिणं सात एकर गव्हात जातं, हे ढिगाऱ्यात दिसलं की बैठकीचा सूरच बदलतो. जनावरांचे दाणे वेगळे.

उरलेले दाणे मोजा आणि प्रत्येक गटाला तेवढेच द्या; ते कोणत्या पिकाला किती, हे गटानं मांडून दाखवायचं. गट सहा-सात जणांचे. पहिल्या फेरीत बागायतदार, कोरडवाहू, भूमिहीन आणि महिला वेगवेगळे. पहिल्याच फेरीत सगळे मिसळले तर कोरडवाहूवाले गप्प बसतात. चाळीस मिनिटांनी मिश्र गट करा. महिलांची सभा आदल्या दिवशीच घेतलीत तर उत्तम, त्यांची मांडणी तयार असते.

गावकूस
वरच्याशी सहमत, पण खरी गडबड शेवटच्या अर्ध्या तासात होते. हात वर करून मत घेऊ नका. लोक आधी पाटलांकडे बघतात. तोंड झाकलेलं मडकं ठेवा. मान्य असेल तर हरभरा टाकायचा, ‘चालेल, पण अडचण आहे’ याला ज्वारी, मान्य नसेल तर खडा. खडे निघाले तर ‘कोणी टाकले’ विचारू नका, ‘काय बदललं तर खडा टाकावा लागणार नाही’ विचारा. उत्तर बहुतेकदा बियाणं नाहीतर वैरण यांपैकी एक असतं आणि दोन्हींवर तोडगा निघतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची पद्धत इथे उपयोगी आहे. चर्चेसाठी अभ्यासगट वेगळा, निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं. तुमच्याकडे एकमत झालंच नाही तर पुढे काय, हे सुरुवातीलाच ठरवा. आठवड्यानं दुसरी बैठक ठेवा, त्यापुढे नको. हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होते, उशिराचा निर्णय कागदावरच राहतो.

बैठक चालवणारा माणूस सरपंच नको आणि मोठ्या विहिरीचा मालकही नको. त्यानं स्वतःचं मत सांगायचं नाही.

पाणीमोज्या
उसाबद्दल: उभा ऊस मोडा म्हटलंत तर बैठक तिथेच संपेल. त्याचे दाणे पिण्याच्या पाण्यानंतर लगेच वजा करा. निर्णय खोडव्याचा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाचा, घ्या: तो किती एकर ठेवायचा, ठिबकशिवाय ठेवायचा का. ऊसवाल्यांना आणि खोल बोअरवाल्यांना आधी घरी जाऊन भेटा. पिकं ठरवण्याचा हा करार राजीखुशीचा आहे, ते नसतील तर बाकीच्यांनी सोडलेलं पाणी त्यांच्याच बोअरला जातं आणि पुढच्या वर्षी कुणी बैठकीला येत नाही.

उठण्याआधी ठराव मोठ्यानं वाचा: जमिनीचा गट नंबर, पीक, एकर, मोजणार कोण. जानेवारीत विहिरींची पातळी पुन्हा मोजायची तारीखही त्यातच लिहा.