कलिनाला लांबून येऊन एम.ए. करणाऱ्यांनो, तुमचे मित्र कधी आणि कुठे झाले?

बदलापूरवाली
मी बदलापूरहून येते, मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला एम.ए.चं पहिलं वर्ष चालू आहे. डिपार्टमेंट चांगलंय, शिकवतात चांगलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण लेक्चर संपलं रे संपलं की वर्ग रिकामा, कोणाला विरार गाठायचंय, कोणाला पनवेल, कोणाच्या संध्याकाळी शिकवण्या, अर्धे तर कुठे ना कुठे पार्ट टाइम. माझी शाळेतली मैत्रीण पुणे विद्यापीठात होस्टेलला आहे, ती रात्री अकराला व्हिडिओ कॉल करते तर मागे आठदहा जणांचा गोंगाट चालू, आणि मी तेव्हा सकाळची गाडी पकडायची म्हणून अलार्म लावत असते. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त "आज लेक्चर आहे का" आणि पीडीएफ. दोन वर्षं अशीच जाणार का? ज्यांनी लांबून येऊन केलंय त्यांनी सांगा. होस्टेल घे हे सांगू नका प्लीज, परवडत नाही.

डोंबिवली फास्ट
अगं आधी एक गाडी आणि एक डबा फिक्स कर. रोज वेगळी गाडी पकडलीस तर ओळखी कशा होणार. मी पूर्ण एम.ए. लेडीज डब्यात केलंय असं म्हटलं तरी चालेल. आमच्यात एक बँकेतल्या काकू, दोन नर्स, एक लॉ करणारी आणि मी, परीक्षेच्या आधी काकू माझी नोट्सची वही हातात घेऊन प्रश्न विचारायच्या आणि उत्तर चुकलं की चौथ्या सीटवर सरकवायच्या, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला अर्धं टेकायचं 😄 दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यात तोरण, पूजा, पेढे सगळं. हे होस्टेलवाल्यांना नाही मिळत.

नाक्यावरचा
ट्रेनचे ग्रुप भारी असतात पण तिला स्वतःच्या वयाचे, स्वतःच्या विषयाचे मित्र हवेत, त्याचं काय? आणि हा प्रॉब्लेम आजचा नाही. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघालं तेच लंडनच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घ्यायची आणि डिग्री द्यायची, शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठाची स्वतःची डिपार्टमेंट्स खूप नंतर आली, समाजशास्त्राचं 1919 चं. त्यामुळे इथे कोणी "मी मुंबई विद्यापीठाचा" म्हणतच नाही, "मी रुईयाचा", "मी झेवियर्सचा", "मी रुपारेलचा". नाका कॉलेजचा, फेस्टिव्हल कॉलेजचा, एकांकिका कॉलेजची, युवा महोत्सवात भांडणं पण कॉलेजाकॉलेजांची. तू एम.ए.ला आलीस म्हणजे तो सगळा मसाला बी.ए.ला मागे ठेवून आलीस.

आणि तिथेही सगळ्यांना सारखं मिळतं असं नाही हां. एकांकिकेच्या तालमी स्पर्धा जवळ आली की रात्री उशिरापर्यंत चालतात. ज्याचं घर दादर माटुंग्याला तो मेन रोल करणार, कर्जतवाला कितीही चांगला असला तरी नऊ वाजले की घड्याळ बघायला लागतो, मग त्याला म्युझिक नाहीतर सेट. मुलींचं तर विचारूच नका, घरून फोन सुरू. टॅलेंट वगैरे नंतर, आधी घर कुठल्या स्टेशनला ते बघतात. याबद्दल कोणी बोलत नाही.

विरार सेमी फास्ट
वरच्यांचं पटलं पण तिने उपाय विचारलाय राव. लेक्चर झाल्यावर कोणी थांबत नाही हे खरं, पण लेक्चरच्या आधी बघ ना. लांबून येणारे गर्दी टाळायला लवकरची गाडी पकडतात आणि मग कॅम्पसवर तास दीड तास नुसते मोबाईल बघत बसतात, मी पण त्यातलाच होतो. जवाहरलाल नेहरू लायब्ररीच्या आसपास असे बरेच सापडतील. आमचा ग्रुप तिथेच जमला, सकाळी, डबे लेक्चरच्या आधीच संपायचे.

दुसरं म्हणजे परत जाताना, संध्याकाळी सहाची बदलापूर कुर्ल्याला चढता येते का तुला? नाही ना. तू घाईघाईत तिथे पोचतेस, दोन गाड्या सोडतेस, तिसरीला लटकतेस. तोच वेळ कॅम्पसवर काढला आणि गर्दी उतरल्यावर निघालीस तर घरी पोचायला फार फरक पडत नाही. क्लासमध्ये कल्याणच्या पुढचे कोण कोण आहेत ते विचार, सगळ्यांची हीच बोंब असणार, एकत्र थांबा आणि एकत्र निघा.

टिटवाळा_टू_सीएसएमटी
मला तर मुळात गरजच नाही वाटली. लेक्चर, लायब्ररी, घर. माझे मित्र कॉलनीतले, गणपती मंडळाचे, दिवाळी पहाटेला डोंबिवलीला फडके रोडवर जे भेटतात ते. मुंबईत निम्मी पोरं अशीच शिकतात, पुण्यासारखं नाही म्हणून रडायचं कशाला.

बदलापूरवाली
टिटवाळा, माझ्या कॉलनीतले सगळे नोकरीला लागलेत, रविवारी झोपा काढतात, म्हणून तर इथे विचारतेय. विरारदादा, सकाळचं डोक्यातच आलं नव्हतं, मी पण लवकर येऊन कँटीनच्या बाहेर एकटी बसते. आमच्यात अंबरनाथची एक आहे आणि शेलूचा एक, आज मेसेज टाकलाय, अंबरनाथवालीचा "हो चालेल" आला, शेलूवाला ऑनलाइन दिसत नाहीये. दादरला नाटकाला जायचं पण बोलणं झालं पण माझा कन्सेशन पास कुर्ल्यापर्यंतच आहे.

विरार सेमी फास्ट
कुर्ला दादर तिकीट काढ सध्या, टीसी दादरला पुलावरच उभे असतात. पुढच्या वेळी कन्सेशनचा फॉर्म भरताना ऑफिसात विचार, कुर्ल्याऐवजी स्टेशन सांताक्रूझ, कलिनाला तेही जवळच, व्हाया दादर मिळतोय का ते. आमच्या बॅचच्या एका कल्याणवाल्याकडे तसाच होता, थोडे पैसे जास्त पडायचे, पण दादरला उतरायला मोकळा.