वर्गाच्या दाराला आतून कडी लावू की नको? मदत हवी आहे (नागपूर)

धंतोलीकर: आमच्या शाळेची समिती म्हणते, बाहेरचा माणूस वर्गात शिरता कामा नये, प्रत्येक दाराला आतून कडी बसवा. फायर ऑडिटवाले म्हणतात, आहेत त्याही काढा. सोमवारी सुतार येतोय. काय बसवू? लवकर सांगा.

तांबडी_बादली: दार आत उघडतं की बाहेर? एका वर्गात मुलं किती, दारं किती, मजला कोणता?

कुलूपकिल्ली: क्लासरूम फंक्शनचं मॉर्टिस लॉक (पल्ल्याच्या कडेत खाच पाडून बसवायचं कुलूप) घ्या. बाहेरचं हँडल किल्लीने बंद होतं, आतलं कायम मोकळं. लिव्हरच (खाली दाबायचं दांडीचं हँडल) घ्या, गोल नॉब लहान मुलांच्या हातून फिरत नाही. पल्ला ३० मिमीचा असेल तर खाच पाडताना कड फुटते, जाडी आधी मोजा. दारात काच असेल तर ती बिजागरीच्या बाजूला हवी, नाहीतर काच फोडून हात आतल्या लिव्हरपर्यंत जातो.

वायरमन_हिंगणा: काहून एवढा खटाटोप भाऊ? १२ व्होल्टचं मॅग्नेटिक लॉक लावा. लाइट गेली की आपोआप सुटतं.

तांबडी_बादली: इन्व्हर्टरवर असेल तर सुटत नाही! त्याचा पुरवठा फायर पॅनलच्या (आगीच्या अलार्मच्या पेटीच्या) रिलेतून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचमधून न्यावा लागतो, अलार्म झाला की करंट तुटला पाहिजे. शिवाय आतून हिरवं ब्रेक ग्लास (काच दाबून वापरायचं आणीबाणीचं बटण), तेही थेट पुरवठा तोडणारं. कंट्रोलरला (लॉक चालवणाऱ्या सर्किटला) नुसता सिग्नल देणारं बटण नको, कंट्रोलर हँग झाला की मुलं आत अडकली.

वायरमन_हिंगणा: रिलेची एक वायर ओढायला कितीसा वेळ लागतो?

तांबडी_बादली: वायर ओढून होत नाही, दर वर्गाचं लॉक अलार्म वाजवून तपासावं लागतं. ते कोण करतं?

वर्धारोड: कूलरचं कोणीच बोलत नाही. मार्चपासून खिडक्यांत कूलर बसतात, उजेड-हवा दोन्ही अडते, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर दोन-दोन पंप चालतात. आणि आग विझवायच्या एबीसी सिलिंडरची दाबाची सुई हिरव्यात आहे का तेही बघा.

धंतोलीकर: सिलिंडर ठीक आहेत, ते विचारलंच नव्हतं. पहिला मजला, ५२ मुलं, दार एक, आत उघडतं. बाहेरून अल्ड्रॉप (कुलूप लावायची आडवी कडी) आहे, शिपाई शाळा सुटल्यावर कुलूप लावतो.

तांबडी_बादली: हे आधी सांगायला हवं होतं. ४५ च्या वर मुलं असतील तर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे वर्गाला किमान दोन दारं हवीत, बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. अल्ड्रॉप सोमवारीच काढा, कोणीही बाहेरून लावून अख्खा वर्ग कोंडू शकतो. दार बाहेर उघडणारं करा. घाबरलेली मुलं दाराला रेटतात तेव्हा आत उघडणारा पल्ला ओढताच येत नाही. मात्र पल्ल्याने व्हरांडा अडायला नको, म्हणून पार्लमेंट बिजागरी लावा, पल्ला १८० अंशात भिंतीला टेकतो. नवं दार किमान १ मीटर रुंद. भिंत लोडबेअरिंग (छताचा भार पेलणारी) असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच फोडा.

कुलूपकिल्ली: आणि परका माणूस फाटकावरच अडवा. आलेल्याची नोंद करून शिपायाने सोबत न्यायचं. वर्गाची कडी ही त्याची जागा नाही.

धंतोलीकर: दुसरं दार दिवाळीच्या सुटीतच होईल. तोवर?

तांबडी_बादली: तोवर ४५ च्या वरची मुलं दुसऱ्या तुकडीत बसवा. मॉर्टिस लॉक मात्र सोमवारीच बसवून घ्या, जानेवारीच्या फॉर्म बी ची (अग्निसुरक्षा यंत्रणेच्या सहामाही दाखल्याची) वाट बघू नका.