मदत हवी आहे: आईला घेऊन पॅरिसची म्युझियम्स कशी बसवू?

मंडळी, मे महिन्यात आईला घेऊन पॅरिसला चाललोय. ती चित्रकलेची रिटायर्ड शिक्षिका, जन्मभर फ्रेंच चित्रकार मोनेची कमळांची चित्रं पुस्तकातल्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोवरून शिकवली, त्यामुळे ऑरांजरी म्युझियममधल्या, ती मोठाली कमळं लावलेल्या त्या दोन लंबगोल खोल्या काहीही झालं तरी बघायच्याच.

घोळ वारांचा आहे. लूव्र आणि ऑरांजरी मंगळवारी बंद, ऑर्से म्युझियम सोमवारी बंद, आणि आमचे नेमके तेच दोन दिवस पूर्ण मोकळे, आता बोला! गुरुवारी ऑर्से रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं म्हणे, तेव्हा गर्दी खरंच कमी असते का? तिथली व्हॅन गॉग वगैरेंची चित्रं पाचव्या मजल्यावर आहेत आणि आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, लिफ्ट सहज मिळते का, मध्ये बसायला बाकं असतात का?

दुसरं, म्युझियम पास (बऱ्याच म्युझियम्सचं मिळून एकच तिकीट) घ्यावा का सुटी तिकिटं? पास असला तरी लूव्रला वेळेचा स्लॉट बुक करावाच लागतो, आणि युरोपबाहेरच्यांना तिकीटही आता महाग केलंय. मोनालिसाची धक्काबुक्की आईला नकोच आहे, मग लूव्र सरळ गाळलं तर चालेल का, का नंतर ऐकून घ्यावं लागेल? ज्येष्ठांना घेऊन कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.