शाहू मिलच्या जुन्या ग्रुप फोटोंतली माणसं कशी ओळखायची?

पेठेतला वाचक

राम राम मंडळी. आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या वाचनालयाकडं एका घरातून शाहू मिलचे जुने फोटो आलेत. खातेवार काढलेले. पुढं खुर्च्यांवर साहेब आणि जॉबर म्हणजे मुकादम, मागं बाकड्यांवर उभे साचेवाले म्हणजे माग चालवणारे. एका फोटोत वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातल्या बायका आहेत. साहेबांची नावं खालच्या पुठ्ठ्यावर छापलीत, कामगारांची कुठंच नाहीत. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली मिल २००३ ला बंद पडली. तेव्हा पन्नाशीत असलेले आज सत्तरीपार आहेत, म्हणून जिवाला घाई लागलीय.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला तर 'जुन्या आठवणी' आणि जोडलेले हात एवढंच आलं. वाचनालयात आलेल्या दोघा काकांनी एकाच माणसाची दोन नावं सांगितली. कुणाचं धरायचं?

रंकाळ्याचा वारा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बारीक होतो, मागच्या ओळीतले चेहरे पुसट होतात. ६०० डीपीआयला स्कॅन करा, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वाइंडिंगवालीची लेक

माझी आई वाइंडिंगला होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोबाईल दाखवू नका. मोठी प्रिंट काढा, वर बटर पेपर ठेवून डोक्यांच्या आकृत्या काढा आणि बघणाऱ्याच्या डावीकडून नंबर टाका. मूळ फोटोवर पेन अजिबात लावायचं नाही. मग एकाच खात्यातली दोघं-तिघं एकत्र बसवा. एकट्या माणसाला आठवत नाही, खरं दुसरा म्हणाला "अगं, ही रात्रपाळीला माझ्या शेजारी असायची" की पहिलीला डब्यातली चटणीसुद्धा आठवते.

'ही कोण?' असं विचारलं की माणूस गांगरतो. कुठल्या पाळीला होती, कुणाबरोबर जेवायची, कुठल्या गल्लीतनं यायची, तिथनं सुरुवात करा. आपण होऊन नाव सुचवू नका. आपलं मन राखायला म्हातारी माणसं हो म्हणून टाकतात, आणि ते चुकीचं नाव पुढं कायमचं चिकटतं.

बायकांच्या फोटोला जास्त वेळ द्या, ही माझी कळकळीची विनंती. 'अमक्याची बायको' एवढ्यावर वही मिटवू नका. तिचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव, मिलमध्ये तिला काय म्हणत होते, सगळं लिहा. टोपणनाव तर लिहाच, कारण निम्मी मिल एकमेकांना टोपणनावानंच ओळखत होती. आणि बऱ्याच आज्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'आमचं मालक' म्हणतात. शेजारी सून नाहीतर नात बसलेली असली की काम होतं.

दोन नावांचं म्हणाल तर दोन्ही ठेवा. कुणी सांगितलं, कधी, आणि त्याला कसं माहीत, हे प्रत्येक नावापुढं लिहा. शेजारच्या साच्यावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला आणि नुसतं ऐकून सांगणारा, दोघांच्या शब्दाला सारखं वजन नाही. खरं दुसऱ्याचं खोडायचंही नाही.

कागदपत्रवेडा

ताईंचं बरोबर आहे. कॅनडाच्या सरकारी अभिलेखागारानं २००२ च्या सुमारास 'प्रोजेक्ट नेमिंग' सुरू केलं ते असंच. तिकडच्या उत्तरेच्या बर्फाळ भागातल्या मूळ रहिवाशांचे, इन्युइट लोकांचे ढीगभर फोटो होते, नावं नव्हती. तिथली तरुण मुलं लॅपटॉपवर फोटो घेऊन आपल्याच वस्तीतल्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००८ मध्ये जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर टाकले. लोकांनी सांगितलेली माहिती कर्मचारी तपासून मगच नोंदीत घेतात. तुमच्याकडंही 'सांगितलेलं' आणि 'तपासलेलं' असे दोन रकाने ठेवा. प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, हजेरी कार्ड, युनियनची पावती कुणाच्या ट्रंकेत असेल तर ताडून बघता येईल.

पेठेतला वाचक

ताई, दादा, मनापासून आभार. वाइंडिंगच्या फोटोपासूनच सुरुवात करतो. ताई, तुमच्या आईंच्या खात्यातल्या कुणी कोल्हापुरात असतील तर कळवा, प्रिंट घेऊन आम्हीच घरी येऊ. नावं कळली तरी घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो इंटरनेटवर टाकणार नाही.

वाइंडिंगवालीची लेक

दोघी आहेत, एक यादवनगरला. विचारून मेसेज करते. दुपारी चारनंतर या, तोवर त्या झोपलेल्या असतात.