चर्चा: ‘तुझं सत्य तुला, माझं मला’ – यावर ख्रिस्ती मंडळीनं (चर्चनं) काय म्हणावं?

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या चर्चच्या तरुण संघात बारावीतल्या मुलीनं विचारलं, “माझ्या मैत्रिणीला तिचा देव खरा वाटतो. तिला चूक ठरवणारी मी कोण?” उत्तर मिळालं, “असल्या शंका सैतान घालतो, प्रार्थना कर.” ती गप्प झाली. याची मला चीड येते.
फ्रेंच विचारवंत ल्योतार यांनी १९७९ मध्ये उत्तर-आधुनिकतेची, म्हणजे असे प्रश्न विचारणाऱ्या विचारधारेची, खूण सांगितली: सगळं जग एकाच कथेत बसवणाऱ्या महाकथनांवरचा अविश्वास. त्याला एवढं घाबरायचं कशाला? परदेशी मिशननं आणलेलं सगळंच सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) नव्हतं, हे बोलायला त्यातूनच बळ मिळतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १९१७ साली मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, आपल्या साताऱ्यात! बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

निवृत्त मास्तर (सातारा)
टिळकांना यात ओढू नका. दरबाराचं दार मोठं होतं, पण गादीवर ख्रिस्तच होता. ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ या येशूच्या वचनातला ‘मीच’ गाळला की उरतं काय?
आमचे आजोबा गावकुसाबाहेरून मंडळीत आले, ते ‘हेही एक मत’ म्हणून नव्हे. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, हे पाटलालाही लागू आहे म्हणून आले. जात मानणाऱ्यालाही ‘तुझं सत्य तुला’ म्हणणार का?

कृष्णाकाठ
जातीबाबत मी तुमच्याच बाजूनं आहे. पण त्याच मंडळीत सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ विचारतात. पोरं ल्योतार वाचून दूर जात नाहीत, हे बघून जातात.

संडे स्कूल शिक्षिका (मिरज)
दक्षिण भारतात बिशप राहिलेले लेस्ली न्यूबिगिन इंग्लंडला परतल्यावर, १९८९ च्या पुस्तकात, हेच सांगतात: सुवार्तेचा अर्थ लोकांना कळतो तो तिच्यावर विश्वास ठेवून जगणाऱ्या मंडळीकडे बघून. पण ते सत्य सोडा म्हणत नाहीत, मास्तर म्हणतात ते बरोबर आहे. आणि येशूचा न्याय करणारा रोमी सुभेदार पिलात ‘सत्य काय आहे?’ विचारून उत्तराला न थांबता बाहेर गेला. ही मुलगी थांबली होती. तिला सैतानाचं नाव सांगणं अन्याय आहे.

निवृत्त मास्तर
अन्याय आहे, कबूल. मंडळी चुकली तर तिनं पश्चात्ताप करावा, सत्य सैल करू नये. मी तिला सांगेन: मैत्रिणीचा मान राख, तिचं ऐक, पण तारणारा येशूच, हे लपवू नकोस.

कृष्णाकाठ
मग ती विचारेल, “माझ्या मैत्रिणीचं काय होणार?” त्याचं उत्तर पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) तरुण संघात समोर बसून द्यावं.