प्रतिसाद: मेंदूला आधीच शेक द्यायचा का?
फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर मेंदूत पसरू नये म्हणून मेंदूला आधीच शेक (रेडिएशन) देतात, आणि त्याने विसराळूपणा येऊ शकतो. त्यावर "जीव वाचतोय ना, मग थोडं विसरलं तर काय बिघडतं" असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. स्मॉल सेलमध्ये फायदा आहे हे खरं, १९९९ च्या एकत्रित अभ्यासात शेकामुळे ३ वर्षं जगणारे १५.३ वरून २०.७ टक्के झाले, पण ते सगळे छातीतला आजार उपचाराने पूर्ण गेलेले पेशंट होते. आजार पसरलेला असेल तर २०१७ चा जपानचा अभ्यास बघा, शेक न देता दर तीन महिन्यांनी एमआरआय करत राहिले तरी आयुष्य कमी झालं नाही.

आमच्या आबांना शेक झाला तेव्हा हे कुणी सांगितलंच नाही. रावेरकडे केळी आहे आमची, आधी भाव, वजन, मजुरी सगळं तोंडपाठ, आणि नंतर ठिबकचा कुठला वॉल्व्ह उघडायचा म्हणून बांधावरून आईला फोन, दहा मिनिटांनी परत तोच फोन. गोळ्या घेतल्या का ते आई वहीत टिक करते. साठीच्या पुढे हा त्रास जास्त होतो, त्यामुळे शेकाआधी स्मरणशक्तीची टेस्ट करून घ्या, आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) वाचवून शेक देता येईल का, मेमँटिन (स्मरणशक्ती जपण्यासाठीचं औषध) चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचाराच.